चिकन स्टर-फ्रायचं पोषणमूल्य काढायचंय? मग वोक तापायच्या आधी काटा काढा

चिकन स्टर-फ्रायच्या एका वाढपात किती कॅलरी, असं शोधलं की डझनभर आकडे मिळतात. त्यातला एकही तुमच्या वोकचा (खोलगट चिनी कढईचा) नसतो. कुणी ब्रेस्ट घेतलेला असतो, कुणी कातडीसकट मांडी. कुणी दोन चमचे तेल वापरलेलं असतं, कुणी चिकन आधी तळून घेतलेलं. म्हणून आयता आकडा उचलू नका, आपला आपण काढा. ते अवघड नाही, पण क्रम चुकला की सगळा हिशेब बसकण मारतो.

चुका बहुतेकांच्या त्याच त्याच असतात. चिकन शिजल्यावर तोलायचं आणि कच्च्याचा आकडा लावायचा (किंवा उलट). तेल अंदाजाने ओतायचं. सॉसमध्ये कॅलरी नसतात म्हणून तो यादीतच घ्यायचा नाही. गंमत म्हणजे या प्रकाराचा स्वभावच मोजमापाला सोयीचा आहे. आच मोठी आणि वेळ पाच-सात मिनिटांचा, त्यामुळे सगळं आधीच चिरून, कालवून वाट्यांमध्ये हाताशी ठेवावं लागतं. त्या वाट्या भरतानाच काट्यावर ठेवल्या की काम झालं. वोक तापल्यावर काहीही मोजता येत नाही, म्हणजे जे मोजायचं ते त्याआधी.

खाली सगळीकडे तिघांपुरतं एकच उदाहरण घेतलंय. कॅलरी म्हणजे अर्थातच किलोकॅलरी.

## पायरी १ : मांडामांड

लागणाऱ्या वस्तू थोड्या आहेत :

- एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा, ज्यावर भांडं ठेवून आकडा शून्य करता येतो
- चार-पाच वाट्या
- १५ मिलीचा मोठा आणि ५ मिलीचा छोटा मापाचा चमचा
- तयार पदार्थ ओतायला एक मोठा वाडगा
- कागद आणि पेन

मोठा वाडगा रिकामा असतानाच तोला आणि त्याचं वजन कागदाच्या वरच्या कोपऱ्यात लिहा. हे मी दोनदा विसरलो आहे. दोन्ही वेळा भरलेला वाडगा काट्यावर ठेवून त्यातला वाडगा किती आणि जेवण किती, याचा विचार करत उभा राहिलो होतो.

जेवणाचा चमचा मापाला घेऊ नका. घराघरात त्याचा आकार वेगळा असतो, आणि तेलाच्या बाबतीत तो फरक महागात पडतो.

## पायरी २ : भाज्या आधी, चिकन शेवटी

काट्यावर कच्चं चिकन सगळ्यात शेवटी यायला हवं. चिकनचं पाणी काट्याला, चाकूला, पाटाला लागलं की तेच पुढे भाज्यांना लागतं. भाज्या आधी उरकल्या की हा प्रश्नच उरत नाही.

भाज्या धुवा, पाणी नीट निथळू द्या, देठ-बिया काढा, चिरा आणि मग तोला. ढोबळी मिरची अख्खी तोलली तर बियांचा गाभा आणि देठही हिशेबात येतात. ब्रोकोली ओलीच तोलली तर तुऱ्यांत अडकलेलं पाणी.

आपल्या उदाहरणात, साफ केल्यानंतरचं वजन :

- ब्रोकोली २०० ग्रॅम : ६८ कॅलरी
- लाल ढोबळी मिरची १५० ग्रॅम : ४६
- गाजर १०० ग्रॅम : ४१
- कांदा १०० ग्रॅम : ४०
- आलं-लसूण मिळून २० ग्रॅम : साधारण २३

म्हणजे अर्ध्या किलोहून जास्त भाजी आणि कॅलरी २१८. त्यातून प्रथिनं १० ग्रॅम, कर्बोदकं ४६ ग्रॅम, तंतुमय पदार्थ १३ ग्रॅम. भाजीत दहा-वीस ग्रॅमची चूक झाली तर काही बिघडत नाही. इथे जीव काढू नका, तो पुढे तेलासाठी राखून ठेवा.

## पायरी ३ : सॉस कालवा आणि सोडियमची वेगळी ओळ काढा

सॉस एका वाटीत आधीच कालवून ठेवायचा असतो, तसाच ठेवा. सोया सॉस २ मोठे चमचे, ऑयस्टर सॉस १ मोठा चमचा, साखर २ छोटे चमचे, कॉर्नफ्लोअर १ मोठा चमचा, तिळाचं तेल १ छोटा चमचा आणि ६० मिली पाणी. (आणखी एक चमचा सोया सॉस आणि एक चमचा कॉर्नफ्लोअर चिकन मुरवताना लागणार आहे. ते आत्ताच लिहून ठेवा, नंतर हमखास राहतं.)

कॅलरीच्या दृष्टीने सोया सॉस जवळजवळ बिनभाराचा आहे, मोठ्या चमच्याला आठ-नऊ कॅलरी. त्यामुळे लोक तो सोडून देतात. पण त्याच एका चमच्यात सुमारे ८८० मिलिग्रॅम सोडियम असतं. तीन चमच्यांचं झालं २,६४०. ऑयस्टर सॉसच्या चमच्याचे आणखी ४९० धरा. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार मोठ्या माणसाने दिवसभरात २,००० मिलिग्रॅमच्या आत राहायचं असतं. म्हणजे या पदार्थात कॅलरीआधी बघायचा आकडा कुठला असेल, तर तो हा.

सॉसच्या बाबतीत नेमक्या चुका :

- लेबलवर ‘मीठ’ लिहिलंय की ‘सोडियम’, हे न बघणं. काही देशांत लेबलवर मिठाचा आकडा देतात. त्याला २.५ ने भागलं की सोडियम मिळतं.
- लेबलवरचं ‘एक सर्व्हिंग’ म्हणजे आपला चमचा असं धरणं. ते बऱ्याचदा ५ मिलीचं असतं, आपण १५ मिली ओतत असतो.
- लाइट सोया सॉस म्हणजे कमी मिठाचा, हा समज. चिनी स्वयंपाकात लाइट म्हणजे रंगाने फिका आणि पातळ. चवीला तो खारटच असतो. डार्क सोया सॉस मुख्यतः रंगासाठी, थोडाच घालतात. कमी सोडियमचा सॉस वेगळा मिळतो आणि त्यावर तसं स्पष्ट छापलेलं असतं.
- वरून मीठ. अर्धा छोटा चमचा मीठ म्हणजे साधारण १,१५० मिलिग्रॅम सोडियम. तीन चमचे सोया सॉस घातल्यावर मिठाची गरज नसते. आधी चव घ्या.

अजिनोमोटो वापरत असाल तर तेही लिहा. वजनाला वजन मोजलं तर त्यात मिठाच्या साधारण एक तृतीयांश सोडियम असतं.

दुसऱ्या टोकाला साखर आणि कॉर्नफ्लोअर. साखरेचे दोन छोटे चमचे म्हणजे ८ ग्रॅम, ३२ कॅलरी. कॉर्नफ्लोअरचा सपाट मोठा चमचा ८ ग्रॅमचा, तीसेक कॅलरीचा. शीग लावून भरला तर सहज दीडपट होतो. आणि पोषणमूल्यांच्या तक्त्यात शोधताना मक्याचं स्टार्च शोधा. मक्याचं पीठ ही वेगळी वस्तू आहे.

> तपासा : कागदावर आत्तापर्यंत भाज्या, दोन्ही सॉस, साखर, कॉर्नफ्लोअर दोनदा आणि तिळाचं तेल आलंय का? तिळाचं तेल शेवटी वासापुरतं घालतात म्हणून ते ‘तेल’ वाटत नाही. छोटा चमचा ४० कॅलरीचा असतो.

## पायरी ४ : चिकन – कच्चं तोला, कच्च्याचीच नोंद लावा

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून जरा थांबून वाचा.

बिनहाडाच्या, बिनकातडीच्या ब्रेस्टच्या १०० ग्रॅमला :

- कच्चं असताना : सुमारे १२० कॅलरी, २२.५ ग्रॅम प्रथिनं, २.६ ग्रॅम स्निग्धांश
- भाजून शिजवल्यावर : सुमारे १६५ कॅलरी, ३१ ग्रॅम प्रथिनं, ३.६ ग्रॅम स्निग्धांश

शिजल्यावर चिकनमध्ये नवीन काही आलेलं नसतं. पाणी निघून गेलेलं असतं, म्हणून उरलेलं दाट होतं. ४०० ग्रॅम कच्चं चिकन शिजून ३०० ग्रॅमच्या आसपास भरतं. करून बघा : ४०० ग्रॅम कच्च्याचे ४८० कॅलरी, ३०० ग्रॅम शिजलेल्याचे ४९५. उत्तर जवळजवळ तेच.

पण जोड्या चुकल्या की? ४०० ग्रॅम कच्च्याला शिजलेल्याचा आकडा लावला तर ६६० कॅलरी आणि १२४ ग्रॅम प्रथिनं. चिकनला हातही न लावता १८० कॅलरी आणि ३४ ग्रॅम प्रथिनं वाढली! व्यायामवाल्यांच्या वहीत प्रथिनांचे फुगलेले आकडे दिसतात, त्यातले बरेचसे असेच आलेले असतात.

स्टर-फ्रायसाठी कच्चं तोलणं हाच मार्ग. शिजल्यावर तुकड्यांना सॉस आणि तेल चिकटलेलं असतं, मग तोललं काय नि न तोललं काय.

आणखी तीन गोष्टी :

तुकडा कुठला? मांडीचं बिनकातडीचं मांस कच्चं असताना कॅलरीत ब्रेस्टच्या बरोबरीचंच, १०० ग्रॅमला १२० च्या आसपास. फक्त प्रथिनं २० ग्रॅमला उतरतात आणि स्निग्धांश ४ ग्रॅमवर जातो. परतताना ती ब्रेस्टसारखी कोरडी पडत नाही, त्यामुळे मी तीच घेतो. कातडी ठेवली तर मात्र हिशेब पालटतो : कातडीसकट मांडीचे १०० ग्रॅम म्हणजे सुमारे २२० कॅलरी.

गोठवलेलं चिकन पूर्ण सुटू द्या, सुटलेलं पाणी ओतून द्या, तुकडे टिपून घ्या, मग तोला. बर्फ तोलू नका.

पाकीट उलटं करून वाचा. काही चिकनमध्ये मिठाचं पाणी आधीच भरलेलं असतं. घटकांत पाणी आणि मीठ दिसलं तर तक्ता बाजूला ठेवून पाकिटावरचेच आकडे घ्या. त्यात प्रथिनं कमी आणि सोडियम जास्त असतं.

> सावध : कच्चं चिकन नळाखाली धुऊ नका, शिंतोडे ओट्यावर आणि चिरलेल्या भाज्यांवर जातात. कागदाने टिपून घेतलं की पुरे. तोलून झाल्यावर काटा साबणाच्या फडक्याने पुसा.

## पायरी ५ : मुरवण

४०० ग्रॅम ब्रेस्टचे धाग्यांच्या आडवे, पातळ काप करा. त्यात राखून ठेवलेला १ मोठा चमचा सोया सॉस आणि १ मोठा चमचा कॉर्नफ्लोअर चोळून २० मिनिटं ठेवा. हा थर आतलं पाणी धरून ठेवतो, चिकन लुसलुशीत राहतं. काहीजण अंड्याचा पांढरा भागही घालतात. एका मोठ्या अंड्याचा पांढरा म्हणजे १७ कॅलरी आणि साडेतीन ग्रॅमच्या वर प्रथिनं, तेवढं लिहा.

वाटीच्या तळाला राहिलेलं मुरवणीचं पाणी मोजत बसू नका, फरक किरकोळ असतो. मात्र ते कच्च्या चिकनचं आहे. चव बघायला बोट बुडवू नका.

## पायरी ६ : तेल बाटलीतून नाही, वाटीतून

खरी लबाडी इथे होते, आणि ती आपणच करतो.

तेलाचा ग्रॅम ९ कॅलरीचा. मोठा चमचा म्हणजे साडेतेरा ग्रॅम, १२० कॅलरी. बाटली तिरकी करून वोकमध्ये गोल फिरवली तर किती पडलं हे कुणालाच सांगता येत नाही. चिकन चिकटतंय असं वाटलं की आणखी एक धार. भाज्या कोरड्या दिसल्या की तिसरी. तिन्ही धारा मिळून साठ ग्रॅम झालं असेल आणि वहीत ‘तेल, २ चमचे’ अशी नोंद असेल, तर तीनशेच्या आसपास कॅलरी गायब. ब्रोकोलीचे ग्रॅम मोजून हे भरून निघत नाही.

उपाय सोपा आहे. एका वाटीत ४० ग्रॅम तेल तोलून घ्या आणि बाटली कपाटात ठेवा. जे काही परतायचं ते या वाटीतल्या तेलावर. शेवटी वाटीत उरलं तर पुन्हा तोला आणि वजा करा. ४० ग्रॅम पूर्ण संपलं तर ३६० कॅलरी.

चिकन भरपूर तेलात आधी तळून घेण्याची पद्धत असेल तर चमच्याचा हिशेब चालत नाही. भांड्यासकट तेल आधी तोला. तळून झाल्यावर पूर्ण थंड होऊ द्या, पुन्हा तोला. झालेली घट म्हणजे पदार्थात गेलेलं तेल. चिकनचं थोडं पाणी तेलात उतरत असल्याने हा आकडा अंदाजाचाच, पण ‘थोडंसं तेल शोषलं असेल’ यापेक्षा शंभर पटीने बरा. हेच काम उकळत्या पाण्यातही होतं. मुरवलेले काप मिनिटभर पाण्यातून काढायचे आणि मग वोकमध्ये टाकायचे. तेलाचा प्रश्नच मिटतो.

## पायरी ७ : चिकन मुरतंय तोवर बेरीज

ती २० मिनिटं याच कामाची.

- चिकन ब्रेस्ट ४०० ग्रॅम : ४८० कॅलरी, प्रथिनं ९०, स्निग्धांश १०.४
- भाज्या : २१८ कॅलरी, प्रथिनं १०, कर्बोदकं ४६, स्निग्धांश १.७
- तेल ४० ग्रॅम : ३६० कॅलरी, स्निग्धांश ४०
- तिळाचं तेल : ४० कॅलरी, स्निग्धांश ४.५
- सोया सॉस ३ मोठे चमचे : २६ कॅलरी, प्रथिनं ४
- ऑयस्टर सॉस : ९ कॅलरी, कर्बोदकं २
- साखर : ३२ कॅलरी, कर्बोदकं ८
- कॉर्नफ्लोअर २ मोठे चमचे : ६१ कॅलरी, कर्बोदकं साडेचौदा

एकूण सुमारे १,२२६ कॅलरी, प्रथिनं १०४ ग्रॅम, स्निग्धांश ५७ ग्रॅम, कर्बोदकं ७३ ग्रॅम (यात सोया सॉसची दोनेक ग्रॅमही धरली आहेत), तंतुमय पदार्थ १३ ग्रॅम. सोडियम, चिकन आणि भाज्यांतलं स्वतःचं धरून, ३,४५० मिलिग्रॅमच्या आसपास.

> ताळा : प्रथिनं × ४, कर्बोदकं × ४, स्निग्धांश × ९ करून बेरीज करा. इथे ४१६ + २९२ + ५१३ = १,२२१. कॅलरीच्या बेरजेशी पाच-पन्नासाचा फरक चालतो. दोनशेचा आला तर एखादी ओळ राहिली आहे किंवा कच्च्या-शिजलेल्याची जोडी चुकली आहे.

शेंगदाणे किंवा काजू घालणार असाल तर ते आत्ताच जोडा. ३० ग्रॅमची मूठ १७० कॅलरीच्या आसपास जाते, जवळजवळ सगळ्या भाज्यांइतकी.

## पायरी ८ : परतणं

वोक रिकामाच कडकडीत तापवा, मग वाटीतलं थोडं तेल. चिकन दोन खेपांत परता. एकदम ओतलं तर वोक थंडावतो, पाणी सुटतं, चिकन स्वतःच्याच पाण्यात उकडतं आणि आपण घाबरून तेलाकडे हात नेतो. मोजलेलं तेल कमी पडण्याचं मूळ बऱ्याचदा ही गर्दीच असते.

चिकन बाजूला काढा. उरलेल्या तेलात आलं-लसूण काही सेकंद, मग गाजर आणि ब्रोकोली, मग कांदा आणि ढोबळी मिरची. चिकन परत वोकमध्ये. सॉसची वाटी ढवळून (कॉर्नफ्लोअर तळाला बसलेलं असतं) ओता, चकाकी आली की आच बंद. चिकनचा आतला भाग ७४ अंश सेल्सिअसला पोचायला हवा. थर्मामीटर नसेल तर जाडातला जाड तुकडा कापून बघा, गुलाबी दिसता कामा नये.

जीवनसत्त्वांबद्दल थोडकंच. कच्च्या ब्रोकोलीत १०० ग्रॅमला ८९ मिलिग्रॅम आणि लाल ढोबळी मिरचीत १२८ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं, पण ते उष्णतेने कमी होतं आणि पाण्यात उतरतं. तेव्हा हे आकडे ताटात जसेच्या तसे येणार नाहीत, ती वरची मर्यादा समजा. भाज्या उकळून पाणी फेकण्यापेक्षा झटपट परतण्यात ते जास्त टिकतं. गाजरातलं कॅरोटीन मात्र तेलाच्या सोबतीने अंगी जास्त लागतं, म्हणून तेल शून्यावर आणायच्या मागे लागू नका.

## पायरी ९ : वजन करा, मग वाटे

गरम वोक काट्यावर ठेवू नका. पदार्थ त्या आधी तोललेल्या वाडग्यात ओता, वोकला चिकटलेला सॉस खरवडून घ्या, तोला, वाडग्याचं वजन वजा करा. समजा ९३० ग्रॅम भरला.

१,२२६ भागिले ९३०, म्हणजे ग्रॅमला १.३२ कॅलरी. तुमच्या ताटात २८० ग्रॅम आलं तर ३६९ कॅलरी. तिघांनी बरोब्बर सारखं घेतलं तर प्रत्येकी ४०९ कॅलरी, ३५ ग्रॅम प्रथिनं, १९ ग्रॅम स्निग्धांश, २४ ग्रॅम कर्बोदकं आणि १,१५० मिलिग्रॅम सोडियम. पण तिघं सारखं घेतात कुठे? ‘तीन वाटे’ लिहून एकाने अर्धा वाडगा संपवला तर वर केलेला सगळा हिशेब पाण्यात. म्हणून ताट तोला.

वाढतानाही एक खोच आहे. कुणाच्या ताटात चिकन जास्त येतं, कुणाच्या भाजी. सॉस तर तळाशीच जमतो. आधी वाडगा नीट ढवळा. सॉस ताटात तसाच राहू दिला तर बरंचसं सोडियमही त्याच्याबरोबर मागे राहतं.

## पायरी १० : भात किंवा नूडल्स वेगळ्या ओळीत

इथेही कच्च्या-शिजलेल्याचाच सापळा, फक्त उलट दिशेने. चिकन पाणी सोडतं, तांदूळ पितो. १०० ग्रॅम कोरडा पांढरा तांदूळ सुमारे ३६५ कॅलरीचा. शिजून तो २८० ग्रॅमच्या आसपास होतो, म्हणजे शिजलेल्या भाताला १०० ग्रॅममागे १३० कॅलरी. २०० ग्रॅम भात ‘तांदूळ’ म्हणून नोंदवला तर २६० ऐवजी ७३० लिहिले जातील. नूडल्सचंही तेच. कोरड्या तोलल्या असतील तर कोरड्याची नोंद, उकडून तोलल्या असतील तर उकडलेल्याची.

## दुसऱ्यांदा करताना

एवढी उस्तवार दर वेळी नको. एकदा कागद तयार झाला की पुढच्या वेळी तीनच गोष्टी काट्यावर ठेवा : चिकन, तेलाची वाटी आणि शेवटचा वाडगा. भाज्या बदलल्या तरी आकडा फारसा हलत नाही, बटाटा, मक्याचे दाणे किंवा सुकामेवा आला तरच हलतो. सॉसचे चमचे ठरलेले असले की सोडियमही ठरलेलं.

आकडे खाली आणायचे असतील तर हात कुठे घालायचा हेही कागदच सांगतो. तेल ४० वरून २५ ग्रॅमवर आणलं तर १३५ कॅलरी जातात. सोया सॉसचा एक चमचा काढून त्याजागी पाणी, थोडं व्हिनेगर आणि जास्तीचं आलं-लसूण घातलं तर ८८० मिलिग्रॅम सोडियम जातं. चिकन कमी करून मात्र बघू नका. कॅलरी थोड्याच घटतात, आणि ज्या प्रथिनांसाठी हा पदार्थ केला तीच जातात.